शैला, तू पहिल्याच प्रवेशात मेली होतीस

शैला,

मंडळाच्या अंकासाठी तुझ्यावर काहीतरी लिहून दे, असा मला हुकूम आलाय. तुझा जन्म कुठला, शिकलीस कुठे, भूलतज्ज्ञ म्हणून इथल्या हॉस्पिटलात किती वर्षं काढलीस, ते सगळं माधवराव वेगळं लिहून देणार आहेत. तुझ्या नवऱ्याला ते तारखांसकट पाठ आहे. मला तारखा आठवत नाहीत, भांडणं आठवतात. आणि आपलं भांडण तसं एकच होतं. दार उघडतं की नाही?

क्रॉयडनमध्ये हे भांडण ठाऊक नाही असा मराठी माणूस सापडणं कठीण. पण अंक रीडिंगला जातो, ग्लासगोला जातो, म्हणून पहिल्यापासून सांगते. मध्ये बोलू नकोस. तुला आता मध्ये बोलता येत नाही, हा या भांडणातला माझा पहिलाच फायदा आहे आणि तो मी पुरेपूर घेणार आहे.

ट्राम नवी नवी सुरू झाली होती. मी कौन्सिलच्या ऑफिसला निघाले होते आणि मांडीवर लायब्ररीतलं पुस्तक होतं. एक जपानी कादंबरी, इंग्रजीत आलेली. युद्धाचे दिवस, बंदराचं गाव, छत्र्या बनवणाऱ्याची मुलगी फुमी आणि तिच्या प्रेमात पडलेला एक किडकिडीत शाळामास्तर. मास्तरला सैन्यात बोलावणं येतं. बाप म्हणतो, खबरदार घराबाहेर पाऊल टाकलंस तर. आणि फुमी निघते की बंदराकडे! मला ट्राम, कौन्सिल, आजूबाजूचे गोरे लोक, कशाचंही भान उरलं नाही. मी चांगली मोठ्यांदा म्हणाले, "अगं बाई, नको जाऊस!"

समोरच्या सीटवर कुणीतरी पेपर वाचत होतं. पेपर हलला नाही. त्याच्या मागून आवाज आला, "जाणारच आहे ती. पान उलटा."

मग पेपर खाली आला आणि तू दिसलीस. करड्या केसांचा बॉबकट, नाकावर चष्मा, चेहरा अगदी गंभीर. "त्या पुस्तकाची मुदत पुन्हा पुन्हा वाढवून घेणाऱ्या बाई तुम्हीच का? मी रांगेत आहे. मला शेवट परत वाचायचाय."

"काय होतं शेवटी?" मी विचारलं.

"होत नाही," तू म्हणालीस आणि उतरून गेलीस. अशी एक्झिट मला आयुष्यभर रंगमंचावर जमली नाही.

त्या आठवड्यात मी पुस्तक संपवलं आणि तुला शोधून काढलं, कारण मला भांडायचं होतं. शेवट असा आहे. मास्तरला एक सवय असते. फुमीच्या दारापाशी आला की हाक मारायची नाही, कडी वाजवायची नाही, नुसतं हलकंसं खाकरायचं. आमच्या गावाकडे सासरे स्वयंपाकघरात पाय ठेवण्याआधी खाकरायचे, अगदी तसंच. फुमी आत छत्र्यांच्या काड्या घासत बसलेली असायची, ते खाकरणं ऐकून उठायची. मग युद्ध येतं. गाव जळतं. कित्येक वर्षांनी मास्तर परत येतो, हाडांचा सापळा होऊन. दार तेच आहे, पण आत कोण राहतं, कोण जिवंत आहे, त्याला काही ठाऊक नाही. तो खाकरतो. आतून लाकडी खडावांचा आवाज येतो. दारापर्यंत येतो. थांबतो. आणि लेखकाने पुस्तक संपवलंय!

"हा काय प्रकार आहे?" मी तुझ्या स्वयंपाकघरात उभी राहून विचारलं होतं. तू शांतपणे चहात आलं किसत होतीस. तेव्हाच आपण अहो-जाहोवरून अगं-तुगंवर आलो, कारण तुम्ही म्हणून एवढं भांडता येत नाही.

मग काही वर्षांनी सिनेमा आला. आठवतोय ना? माझ्या पर्समध्ये चिवडा, तुझ्या पर्समध्ये थर्मास, आणि तिकिटावरचा गोरा पोरगा आपल्याकडे संशयाने बघत होता. सिनेमात मास्तर खाकरतो. खडावा वाजतात. थांबतात. मी श्वास रोखला. आणि दार उघडलं, शैला! पाऊस, कंदील, व्हायोलिनं, फुमीच्या केसांत पांढरी बट, आणि तो तिला काही बोलू देत नाही. मी उभी राहून टाळ्या वाजवल्या. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या जोडप्याने मागे वळून बघितलं, तर तीही रडत होती. सगळं थिएटर रडत होतं. तू मात्र अशी बसली होतीस, जणू बाहेर तुझ्या गाडीच्या चाकाला पार्किंगवाल्यांनी क्लॅम्प लावलाय.

बसस्टॉपवर सुरू झालं.

"दार का उघडलं त्यांनी?"

"तो बाहेर उभा होता म्हणून! पावसात!"

"पुस्तकात ते बंद आहे, नलू."

"पुस्तकातली पानं संपली म्हणून बंद आहे."

"पानं अशी संपत नसतात. लेखक थांबलाय तिथे." आणि मग म्हणालीस, "हे बघ, मी रोज माणसांना झोपवते. ती उठणार हे मला माहीत असतं. तरी ऑपरेशन संपल्यावर मी नावाने हाक मारते आणि त्यांनी डोळे उघडेपर्यंत मध्ये जे काही असतं ना, ते मी कुणालाच कधी सांगू शकले नाही. माधवलासुद्धा नाही. ते त्या शेवटच्या पानात आहे. ते तुझ्या व्हायोलिनवाल्याने घालवलं."

"आणि डोळे उघडल्यावर तुला आनंद होत नाही?"

"होतो. पण मी व्हायोलिन वाजवत नाही."

मी तुझ्यावर चिवड्याची पिशवी उगारली होती. पण ते बोलणं माझ्या मनातून गेलं नाही, हे तुला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू जिंकली असतीस.

आणि मग आपण तो अविचार केला. गणपतीला या कादंबरीचं मराठी नाटक. चर्चच्या हॉलमध्ये, आरतीनंतर आणि जेवणाच्या आधी. दिग्दर्शन तुझं, फुमी तू, आणि मास्तर मी, कारण आपल्या मंडळातल्या पुरुषांना रंगमंचावर प्रेम करा म्हटलं की सगळे एकदम हॉस्पिटलात ऑन कॉल असतात. मी उंच आहे, आवाज घोगरा आहे आणि मला मिशी शोभते. ती मिशी अजून माझ्याकडे आहे.

किमोनो मी शिवला. तुझी डोहाळजेवणाची हिरवी साडी तू बेधडक कापायला दिलीस. "पोटात ईशा होती तेव्हा नेसले होते, परत कधी नेसणार आहे?" म्हणालीस. किमोनो बेतायचा कागदी पॅटर्न काही मिळाला नाही, म्हणून दुकानातून लेडीज ड्रेसिंग गाउनचा आणला. जपानी बाया पाठीवर जी उशीसारखी गाठ बांधतात, तिच्या आत मी तुझ्या चहाच्या किटलीची लोकरी टोपी कोंबली. माझ्यासाठी शिवायचं काहीच नव्हतं. माधवरावांचा मरून ड्रेसिंग गाउन मला बरोबर बसला. सैनिकाचे कपडे मिळाले नाहीत, त्यामुळे मास्तर युद्धावर गेला तोही ड्रेसिंग गाउनमध्ये आणि युद्धावरून आला तोही ड्रेसिंग गाउनमध्ये.

दार उघडायचं नाही, असं तू दिग्दर्शक म्हणून ठरवलंस. मी निमूट ऐकलं. शेवटच्या प्रवेशात मी फ्रिजच्या खोक्याच्या दारासमोर उभी राहिले आणि खाकरले. आतून तुझ्या खडावा वाजल्या, म्हणजे पोळपाटावर लाटणं. थांबल्या. आणि पहिल्या रांगेतून देशपांडे आजोबा ओरडले, "अगं, उघड की दार!"

जनता माझ्या बाजूने होती, एवढंच मला म्हणायचं आहे.

खरी गंमत पडद्यामागे झाली. तुझ्या गल्लीत राहणाऱ्या हारुकोबाई, पियानो शिकवणाऱ्या, तुझ्या आमंत्रणावरून आल्या होत्या. मला धाकधूक होती की यांच्या देशाची आपण काय दशा केली. त्या आल्या, तुझ्यासमोर कमरेत वाकल्या आणि डोळे पुसत म्हणाल्या, किती धाडसी दिग्दर्शन! पुरुष जिवंत आणि बाई पहिल्या प्रवेशापासून मेलेली. लेखकालाही हेच म्हणायचं असेल, असं त्यांचं मत पडलं. म्हणूनच दार उघडत नाही.

आपण दोघी एकमेकींकडे बघायला लागलो. तेव्हा त्यांनी समजावून सांगितलं. किमोनो घालताना डावी बाजू नेहमी वर येते. बाई असो, पुरुष असो. उजवी बाजू वर फक्त मेलेल्या माणसाला करतात, शेवटच्या निरोपासाठी. आणि बायकांच्या ड्रेसिंग गाउनला उजवी बाजू वर असते, पुरुषांच्या गाउनला डावी. मी आतल्या नाड्यासुद्धा पॅटर्नबरहुकूम इतक्या व्यवस्थित शिवल्या होत्या की तुला तो किमोनो दुसऱ्या बाजूने बांधताच आला नसता. म्हणजे माझा मास्तर जिताजागता, आणि तू प्रेतासारखी सजून गाणी म्हणतेस, छत्र्या बनवतेस, माझ्याशी लाडीगोडी करतेस!

मी तोंड उघडणार, तेवढ्यात तू, पापणी न हलवता, म्हणालीस, "थँक यू. आम्ही त्यावर खूप विचार केला होता."

त्या गेल्यावर आपण दोघी खुर्च्यांच्या ढिगाऱ्यामागे जमिनीवर बसून हसलो. माझी मिशी बटाटेवड्यात पडली. तू पोट धरून म्हणत होतीस, "नलू, मी पहिल्यापासून मेलेय गं! आणि मध्यंतरात याच वेशात मोदकांच्या ऑर्डरी घेत होते!"

पण दुसऱ्या दिवसापासून तू ते हत्यार म्हणून वापरायला लागलीस. मी सिनेमाचा विषय काढला की तू म्हणायचीस, "जपानी बाईंचं मत आहे, ती मेलेली आहे." मी म्हणायचे, "ते मत नाही, शिलाई आहे!" ट्राममध्ये, मंडईत, ईशाच्या लग्नाच्या रिसेप्शनला. एकदा तर मी दाताच्या डॉक्टरकडे तोंड उघडून बसले होते आणि तू शेजारी बसून मला तुझा मुद्दा सांगत होतीस, कारण मला उत्तर देता येत नव्हतं. तेव्हाचं उट्टं मी आज फेडतेय.

मग हा हिवाळा आला. तुझ्या आजाराबद्दल मी इथे लिहिणार नाही. तू त्याला फारसं महत्त्व दिलं नाहीस, मीही देत नाही. एका दुपारी तू उशीला टेकून बसली होतीस आणि आपण चहा पीत होतो.

"नलू, तो किमोनो आहे ना?"

"आहे की. कपाटात. का, परत प्रयोग करायचाय?"

"जाताना मला तोच घाल. आता बरोबर बसेल."

"बारीक झालीस म्हणून?"

"नाही गं. उजवी बाजू वर."

मी उठले आणि चहा करायला आत गेले. हातातला चहा अर्धाही संपला नव्हता. मला आत तुझा आवाज ऐकू येत होता, "आणि ऐनवेळी डावी वर करू नकोस हं! तू सिनेमावाली आहेस, तुझा भरवसा नाही. शपथ घे."

मी आतूनच ओरडले, "मिशीची शपथ!"

"चालेल," तू म्हणालीस.

शपथ घेणं सोपं होतं. तू गेल्यावर पहिला फोन आला तो पुण्याहून, तुझ्या नणंदबाईंचा. सवाष्ण गेलीय, नवी कोरी हिरवी साडीच हवी, इकडे काही इंग्रजी प्रकार करू नका. मी माधवरावांकडे बघितलं. त्या माणसाने आयुष्यात बहिणीला कधी उलट उत्तर दिलेलं नाही, हे तू मला हजारदा सांगितलंयस. ते म्हणाले, "ताई, हिरवीच आहे."

"नवी आहे ना?"

"एकदाच नेसलीय."

"आणि काठ?"

"काठ आहेत." मग म्हणाले, "फक्त शिवलेली आहे."

"शिवलेली म्हणजे?"

"म्हणजे... टेलरकडून आलीय," माधवराव म्हणाले आणि फोन ठेवून ओक्साबोक्शी रडले. रडता रडता मध्येच हसले. मला तुझा हेवा वाटला, शैला.

तुला कपडे घालायला मी आणि ईशा गेलो. अंत्यसंस्कारवाल्यांची ती छोटी, थंड, फार स्वच्छ खोली. ईशा रीडिंगहून पहाटेच्या ट्रेनने आली होती. तुझी लेक इथेच जन्मली, मराठी बोलते पण तिच्या मराठीत सगळेच पुरुष असतात. ती माझ्या हातातल्या किमोनोवरून हात फिरवत म्हणाली, "मावशी, हा साडीमध्ये मी होतो ना? आईच्या पोटात?"

"होतीस," मी म्हटलं. "तुझ्यामुळेच घेतली ती साडी."

मी तुला कुंकू लावलं. बाह्या घातल्या. आतल्या नाड्या बांधायच्या तशाच ठेवल्या. मग एक बाजू घेतली, दुसरी बाजू घेतली, घडी नीट बसवली, काठ सरळ केला. छान दिसत होतीस. फार छान. चेहऱ्यावर तेच, समोरच्या माणसाला आपलं म्हणणं कळलेलं नाही असं.

"मावशी," ईशा म्हणाली, "दॅट्स रॉंग."

"काय?"

"लेफ्ट वर आला. राइट वर पाहिजे."

मी खाली बघितलं. डावी बाजू वर होती. खरंच सांगते, मी मुद्दाम केलं नव्हतं. हातांनी परस्पर केलं. डावी वर केली की तू उठून बसशील, असं त्यांना वाटलं असेल.

"तुला कसं माहीत गं?"

"आईने मला सांगितला होता. नलूवर लक्ष ठेव, म्हणाली. ती उलटा करणार." आणि मग ईशाचा आवाज फुटला, "मावशी प्लीज, आई मला ओरडेल."

तर तू माझ्यावर पहारा बसवून गेली होतीस! त्या खोलीत मी इतकी मोठ्यांदा हसले की बाहेरची बाई दार उघडून बघून गेली. मग ईशाने आणि मी मिळून घडी उलगडली. उजवी बाजू वर घेतली. माझे हात ऐकत नव्हते, म्हणून शेवटची नाडी तिने बांधली. किटलीची टोपी मी मागे सरकवली. तू म्हणाली होतीस ते खरं निघालं. या वेळी बरोबर बसला.

गुरुवारी मी कोटाच्या आत माधवरावांचा मरून ड्रेसिंग गाउन घालून क्रेमॅटोरियमला आले. डावी बाजू वर. कुणाला कळलं नाही. फक्त दारात हारुकोबाई भेटल्या, त्यांनी माझा कोट उघडा बघितला, मग लांब पुढे तुझ्याकडे बघितलं आणि कमरेत वाकून हळूच म्हणाल्या, "सेम प्रॉडक्शन."

प्रार्थना झाली, पसायदान झालं. माधवराव दोन वाक्यं बोलले. मग या देशातली ती पद्धत, तुझ्याभोवतीचा पडदा आपोआप सरकायला लागला. तुला आणि पडद्याला बघून माझ्यातला मास्तर जागा झाला, मी काय करू? पडदा मिटला. मी खाकरले.

तुला सांगते, सगळ्या मंडळाच्या पाठी ताठ झाल्या. सगळ्यांना कळलं. माधवराव पडद्याकडे बघत राहिले. आम्ही सगळे, शंभरेक शहाणीसुरती माणसं, खडावांची वाट बघत होतो. आणि मागच्या रांगेतून, व्हीलचेअरमधून, देशपांडे आजोबांचा थकलेला आवाज आला, "अगं, उघड की दार!"

आणि उघडलं!

पडद्याच्या बाजूचं एक छोटं दार कुरकुरत उघडलं. त्यातून काळा कोट घातलेला, टक्कल पडलेला, गुबगुबीत इंग्रज गृहस्थ बाहेर आला. त्याच्या हातात पाण्याचा ग्लास होता. तो थेट माझ्याकडे आला आणि फार मायेने म्हणाला, "घे हे, लव्ह. कोरड्या हवेने होतं असं."

पहिले माधवराव हसले. मग ईशा. मग सगळा हॉल. तो बिचारा गोंधळून उभा होता, तर आजोबांनी त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या. मी सगळ्यांदेखत ते पाणी गटागटा प्यायले, कारण मास्तर कित्येक वर्षांनी घरी आला होता आणि दार उघडलं होतं.

तू म्हणशील, ते बाजूचं दार होतं, ते मोजायचं नाही. बरोबर आहे. पण म्हण ना एकदा.

काल लायब्ररीतून ते पुस्तक परत आणलं. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, हवं तेवढे दिवस ठेवा, रांगेत कोणी नाही. ट्राममध्ये बसून वाचलं. फुमी बंदराकडे निघाली. समोर एक गृहस्थ पेपर वाचत होते. मी मुद्दाम मोठ्यांदा म्हणाले, "अगं बाई, नको जाऊस." पेपर हलला नाही. थोडा वेळ वाट बघितली. मग पान मीच उलटलं.

माझा स्टॉप मागे गेला तरी शेवटपर्यंत वाचत राहिले. तो खाकरला. खडावा दारापर्यंत आल्या. थांबल्या. इतकी वर्षं या ठिकाणी आले की मी मनात सिनेमा लावायचे, कंदील, पाऊस, सगळं. काल लावला नाही. पहिल्यांदाच तू सांगायचीस तशी तिथे थांबले. आणि मला बरं वाटलं, शैला. दार बंद होतं, पण पलीकडे खडावा घातलेलं कुणीतरी उभं होतं, इतकं जवळ, की हात लावला असता तर लाकडातून ऊब लागली असती.

तर हे एवढं मी मान्य करते. लेखी देते, मंडळाच्या अंकात, ग्लासगोपर्यंत.

पण सिनेमा चांगला होता. ते मी सोडणार नाही.

तुझी,
नलू